डांबर संपल्यावर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही ‘रस्ता सोडून, एकट्याने, सायकलवर’ या विषयावर प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं ‘कोणती सायकल घेऊ?’ असं विचारणारी आली. त्या सगळ्यांना एकच उत्तर देतो. जिच्यात निदान सव्वादोन इंची टायर बसतो, जिचा सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे आणि जिचा प्रत्येक बोल्ट तुम्हाला स्वतःला उघडता येतो, ती घ्या. बाकीचे निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

प्रश्न : डांबरी रस्त्यावर मी दिवसाला शंभर किलोमीटर सहज करतो. आता डोंगराळ भागात ७० किलोमीटरची एक फेरी आखली आहे. त्यात २५ किलोमीटर कच्चा रस्ता, ३५ किलोमीटर गाडीवाट आणि १० किलोमीटर पायवाट आहे. एकूण चढ १२०० मीटर. एका दिवसात होईल ना?

उत्तर : नाही होणार. रस्ता सोडला की किलोमीटर विसरायचे आणि तास मोजायचे. सामानासह कच्च्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर, दगडगोट्यांच्या गाडीवाटेवर ७ आणि सायकल ढकलत न्यावी लागणाऱ्या पायवाटेवर अडीच, असा वेग धरा. तुमचा हिशेब मग असा होतो : दोन तास, पाच तास आणि चार तास, म्हणजे अकरा. त्यात चढाचा वेळ वेगळा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी आडाखा दिला होता : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. चढाचा भाग लादलेल्या सायकलीलाही बऱ्यापैकी लागू पडतो. तुमच्या १२०० मीटरचे दोन तास धरले की तेरा झाले. यात खाणं नाही, पंक्चर नाही, वाट चुकणं नाही. उजेड बारा तासांचा असेल तर शेवटची पायवाट अंधारात येणार, आणि एकट्याने पडायची जागा नेमकी तीच.

पहिल्या वेळी ३० ते ३५ किलोमीटरची फेरी घ्या. तीही आखताना नकाशा वाचायचा तो चढाच्या नजरेने. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर असेल आणि वाट एका सेंटिमीटरात दोन रेषा ओलांडत असेल तर चढ ८ टक्के आहे, म्हणजे बसून जाता येईल. तीन रेषा म्हणजे १२ टक्के. सुट्या मुरमावर, सामानासह, इथे बहुतेकांचं मागचं चाक घसरायला लागतं. पाच रेषा म्हणजे २० टक्के, तिथे उतरून ढकलायचं. घरबसल्या पेन्सिलीने असे तुकडे रंगवले की ढकलण्याचे तास आपोआप समोर येतात. रेषांमधलं अंतर नकाशागणिक बदलतं, ते कोपऱ्यात छापलेलं असतं. आधी ते वाचा.

आणि एक गोष्ट या सदरात पुन्हा पुन्हा येणार आहे, ती इथेच सांगतो. आम्ही तिला ‘पायपिटीचं अंतर’ म्हणतो. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारायचं : सायकल इथेच निकामी झाली तर माणसं किंवा वाहतुकीचा रस्ता पायी किती लांब? धडधाकट माणूस मोडकी सायकल ढकलत तासाला तीनेक किलोमीटर जातो. मुरगळलेल्या पायाने एक गेला तरी पुष्कळ. हे अंतर १५ किलोमीटरच्या वर जात असेल तर पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ती वाट नको. फेरी ७० किलोमीटरची असूनही पायपिटीचं अंतर कुठेच सहाच्या वर जात नाही, अशा वाटा असतात. उलट ३० किलोमीटरच्या वाटेवर ते १५ सुद्धा भरतं. वाट किती लांबची, यापेक्षा किती अवघड आणि किती धोक्याची हे या आकड्यावरून जास्त कळतं.

मागे फिरायची वेळही घरीच ठरवा. उजेडाचे एकूण तास घ्या, त्यातले दोन राखीव टाका, उरलेल्याचे निम्मे झाले की जिथे असाल तिथून परत. ‘एवढी खिंड ओलांडून बघू’ हा विचार त्या वेळी हमखास येतो, म्हणून तर आकडा आधी कागदावर लिहायचा.

प्रश्न : दगडाळ वाटेवर पंक्चर होऊ नये म्हणून मी टायर चांगले टणक फुगवतो. तरी दर फेरीत पंक्चर. ट्यूब काढली की शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात. ट्यूबमध्येच दोष असेल का?

उत्तर : ट्यूबचा दोष नाही. शेजारच्या दोन चिरा म्हणजे टायर दगडावर आपटून रिमपर्यंत दबला आणि मधली ट्यूब दोन्ही बाजूंनी चिमटली. हवा कमी असली की हे होतं. तुम्ही टणक फुगवता म्हणता, पण हवा बोटाने दाबून पाहत असणार. बोटाला १८ पीएसआयसुद्धा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) टणक लागतं. छोटं प्रेशर गेज घ्या.

सुमारे ७५ किलोचा स्वार, १० ते १२ किलो सामान आणि सव्वादोन इंची टायर असेल तर ट्यूब घालून पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबविना चालणारा टायर, असेल तर पुढे २१-२२, मागे २४-२५. फार फुगवलेला टायर दगडावरून उडतो, पकड सोडतो आणि सगळा हादरा मनगटात येतो. दोन-दोन पीएसआयने कमी करत न्या. वळणावर टायर लडबडतोय किंवा दगडावर रिमचा ‘टक्’ असा आवाज येतोय असं वाटलं की दोन वाढवा, तो तुमचा आकडा.

काट्यांचा मुलूख असेल तर ट्यूबलेस करण्यातच शहाणपण आहे. २९ इंची टायरमध्ये १०० ते १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, घाला. ते कोरड्या उन्हाळी हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं, थंड दमट हवेत जास्त टिकतं. चाक कानाशी धरून हलवा. आत चुळबुळ ऐकू आली नाही तर संपलं. तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक सीलंट स्वतः बुजवतं. त्याहून मोठ्याला रबरी प्लगची वात खुपसायची, तिची टोकं बाहेर ठेवायची आणि भोक खाली येईल असं चाक मिनिटभर धरायचं.

खरी कसोटी लागते ती टायरची बाजू धारदार दगडाने फाटल्यावर. तिथे प्लग टिकत नाही, कारण बाजूची भिंत पातळ असते आणि प्रत्येक फेऱ्याला वाकते. तेव्हा टायर एका बाजूने काढा आणि फाटीच्या दोन्ही कडा जाड सुई व दातांच्या नायलॉन फ्लॉसने शिवा. टाके कडेपासून चार मिलिमीटर आत, एकमेकांपासूनही तेवढेच, आणि ओढ इतकीच की कडा भिडतील पण एकावर एक चढणार नाहीत. आतून जुन्या टायरच्या बाजूचा ५ बाय ७ सेंटिमीटरचा तुकडा अस्तर म्हणून लावा. नसेल तर टूथपेस्टची रिकामी ट्यूब कापून, धारा दुमडून वापरा. मग ट्यूब घाला.

पण त्याआधी एक काम उरतं, आणि बहुतेक लोक फसतात ते नेमके इथेच. सीलंटने बुजवलेले जुने काटे टायरमध्ये तसेच रुतलेले असतात. ट्यूब फुगली की त्यांची टोकं एकेक करून तिच्यात शिरतात. म्हणून टायर आतून फडक्याने पुसा. फडकं जिथे अडकेल तिथला काटा पकडीने उपसा. दहा-पंधरा निघाले तर नवल वाटून घेऊ नका. या कामाला वीस मिनिटं लागतात. ती वाचवली तर पुढे दोन पंक्चर ठरलेले.

पंप हातानेच मारायचा ठेवा. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं एकदाच चालतं, शिवाय त्या वायूने बऱ्याच सीलंटच्या गुठळ्या होतात. एकट्या माणसाजवळ न संपणारी हवा हवी. आणखी एक : पंक्चरसाठी सायकल उलटी केली असेल आणि ब्रेक हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे) असतील, तर सरळ केल्यावर निघण्याआधी दोन्ही ब्रेक आठ-दहा वेळा दाबून पाहा. आत हवेचा बुडबुडा सरकलेला असू शकतो, आणि तो पहिल्या उतारावर कळणं बरं नाही. चाक काढलेलं असताना मात्र ब्रेक दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवा.

प्रश्न : मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) दगडाला लागून आत वळला. हलक्या गिअरला तो आऱ्यांत घुसतोय. अशा वेळी वाटेवर काय करता येतं?

उत्तर : आवाज आला त्याच क्षणी पेडल थांबवा. आऱ्यांत अडकलेला डिरेलर अर्ध्या फेऱ्यात तुटतो आणि दोन-चार आरे सोबत नेतो.

सायकलीच्या मागे बसून पाहा. डिरेलरची दोन छोटी दातेरी चाकं एकाखाली एक, कॅसेटशी, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याशी, समांतर दिसायला हवीत. खालचं चाक आत कललं असेल तर बहुधा वाकला आहे तो हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो लहान ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्यामुळे वाटेत उसना मिळत नाही. २० ते ३० ग्रॅमची ही वस्तू जादा बाळगायची, आणि ती बसते का हे घरी एकदा लावून बघायचं.

जादा हँगर नसेल तर चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, मागचं चाक जागेवर घट्ट असू द्या, डिरेलर बुडापाशी धरून हळूहळू बाहेर ओढा. झटका द्यायचा नाही. एकदा वाकून एकदा सरळ झालेलं ॲल्युमिनियम सहसा टिकतं, दुसऱ्यांदा मोडतं. मग ‘एल’ लिहिलेला स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत फिरवत जा, सर्वांत मोठ्या एक-दोन चकत्या बंद होईपर्यंत. हलका गिअर गेला, पण आरे वाचले.

डिरेलर तुटूनच पडला असेल तर सायकल एकगिअरी करायची. चेन टूलने (चेनची पिन काढायच्या हत्याराने) चेन तोडा. पुढच्या चकतीच्या सरळ रेषेत येणारी मधली चकती निवडा, तिच्यावरून चेन घाला आणि जेवढी ताठ बसेल तेवढी कापून क्विक लिंकने (चेनची टोकं जोडणाऱ्या सुट्या कडीने) जोडा. आता पेडल हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहा. चेन ढिली राहिली तर उड्या मारते. शेजारच्या मोठ्या चकतीकडे झुकत असेल तर पेडलवर जोर पडताच ती वर चढेल, मग इतकी ताणली जाईल की तुटेल. तसं दिसलं तर चकती बदला. अशा सायकलवर उभं राहून जोर लावायचा नाही, चढ आला की उतरायचं. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत हा उपाय धड चालत नाही, कारण मागचं चाक वर-खाली होताना चेनची गरज कमी-जास्त होते. सस्पेन्शन लॉक करता येत असेल तरच करून पाहा.

क्विक लिंक तुमच्या चेनचीच हवी. ११ गिअरची लिंक १२ गिअरच्या चेनवर नीट बसत नाही. दोन जोड्या ठेवा. पारदर्शक डबीत ठेवल्या तर गवतात हरवत नाहीत.

प्रश्न : सर्वांत हलका गिअर किती हलका असावा? दुकानदार म्हणतात, तुमचा पुरेसा आहे.

उत्तर : गणित करून पाहा. पुढे ३० दाते, मागे ५१ दाते, २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२८ मीटर. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.३४ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे तासाला ४.८ किलोमीटर, जवळपास चालण्याचा वेग. याच्या खाली तोल सांभाळणंच कठीण, म्हणून आणखी हलका गिअर फारसा कामाचा नाही. पण तुमचा सर्वांत हलका गिअर पुढे ३२, मागे ३२ असेल तर त्याच फेऱ्यांना ताशी ८.२ किलोमीटर लागतात, आणि सामान लादून १० टक्के चढावर तो वेग राखणं बहुतेकांच्या गुडघ्यांना परवडत नाही.

प्रश्न : पाणी किती न्यावं? वाटेतल्या ओढ्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर घरापासून दोन तास सायकल चालवा. निघण्याआधी आणि आल्यावर, घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. वजनातली घट किलोत, अधिक प्यायलेलं पाणी लिटरमध्ये, भागिले दोन. आठ तासांच्या वाटेला चार ते सहा लिटर होतात, म्हणजे तेवढेच किलो. हे वजन फ्रेमच्या त्रिकोणात, खाली, पेडलांच्या जवळ ठेवा. हँडलवर टांगलं तर पुढचं चाक मनाने वळायला लागतं. सगळं पाणी एकाच पिशवीत नको, ती फाटली की संपलं.

ओढा नकाशावर निळा दिसतो म्हणून पाणी असेलच असं नाही. तुटक निळी रेषा म्हणजे काही महिनेच वाहणारा. भरवसा ठेवायचा तर पुढच्या पाण्यापर्यंतचं अंतर तासांत काढा आणि ते कोरडं निघालं तर त्याच्या पुढच्यापर्यंत किंवा परत मागच्यापर्यंत पुरेल एवढं जवळ ठेवा. निम्मं पाणी संपलं आणि नवं मिळालं नाही, तर मागे फिरा.

मिळालेलं पाणी उकळायचं असेल तर खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास द्या. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही, म्हणून आधी फडक्यातून गाळा. पोकळ धाग्यांचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, बहुतेक फिल्टर विषाणू अडवत नाहीत. असा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतले धागे तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीच्या रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या. शेतांतून आणि खाणीजवळून येणाऱ्या पाण्यातली रसायनं यांतल्या कशानेही जात नाहीत, ते पाणी सोडाच.

दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसणंही बरं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं सुजल्यासारखी वाटताहेत आणि लघवी मात्र भरपूर, पाण्यासारखी होतेय, तर शरीरातलं मीठ पातळ झालं असण्याची शक्यता असते. पाणी थांबवा आणि काहीतरी खारट खा. एरवी एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, हे मिश्रण एका बाटलीत असू द्या.

प्रश्न : मोबाइलच्या नकाशावर वाट ठळक दिसते, जागेवर गेलं तर नुसतं गवत. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : जमिनीचं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला आणि आडवाटांचे बरेच ॲप त्याच्यावर उभे आहेत. तो लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे. कोणी दहा वर्षांपूर्वी चालून काढलेली वाट आज झाडीत बुडालेली असू शकते, कोणी उपग्रहचित्रावरून अंदाजाने काढलेली मुळात वाट नसूनही वाट वाटू शकते. मात्र त्यात एक चांगली सोय आहे. वाटेवर टिचकी मारून तिचा तपशील उघडा. गाडीवाटेला १ ते ५ अशी प्रत दिलेली असते : १ म्हणजे पक्की, ५ म्हणजे मऊ माती-गवताची, पावसात निरुपयोगी. डोंगरी सायकलीच्या अवघडपणाची वेगळी मोजपट्टी ० ते ६ अशी आहे. सामान लादलेल्या एकट्या माणसाने २ च्या पुढच्या वाटा ढकलण्याच्या खात्यात टाकाव्यात. तपशील कोराच असेल तर तेही ढकलण्याच्याच खात्यात.

जागेवर वाट फुटली की गुरांची आणि माणसांची वाट ओळखायला शिका. गुरांच्या वाटा अनेक असतात, एकमेकींना छेदतात, चरणीच्या उतारावर पसरत जाऊन विरतात. माणसाची वाट कुठेतरी पोहोचायला निघालेली असते. ती खिंडीकडे, पाण्याकडे, वस्तीकडे सलग जाते. डोक्याच्या उंचीवर मोडलेल्या फांद्या, दगडांची छोटी रास, गुळगुळीत झालेला खडक या तिच्या खुणा. दहा मिनिटांत अशी एकही खूण दिसली नाही तर पुढे वाट ‘मिळेल’ म्हणून उतरू नका. शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. उताराने खाली गेलं की वस्ती लागते हा समज कड्यांच्या प्रदेशात जिवावर बेततो. ओढे धबधब्यांवरून उड्या घेत उतरतात, सायकल नव्हे.

मोबाइल विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते. रेंज शोधण्यातच ती संपत असते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ४,००० एमएएचचा फोन दोनदाही पूर्ण भरेलच असं नाही, व्होल्टेज बदलताना बरीच वीज उष्णतेत जाते. नकाशा आधी उतरवून घ्या आणि घरीच डेटा बंद करून उघडतो का ते पाहा. आणि कागदी नकाशा व होकायंत्र ठेवा, फोन दगडावर पडायला काही वेळ लागत नाही.

प्रश्न : चिकणमातीत चाकंच फिरेनाशी होतात. उपाय?

उत्तर : ढकलत राहू नका, जोर लावून पेडल तर मुळीच नको. मातीने भरलेला डिरेलर ओढला गेला की तो मोडतो, पुढचं वर आलंच आहे. बोटभर रुंदीची लाकडी पट्टी फ्रेमला बांधून ठेवा आणि दर शंभर पावलांनी टायर आणि फ्रेममधली माती खरवडा. चाकं जाम झाली असतील तर उचलून न्या. माती दोन-तीन तास उन्हात सुकली तर तीच वाट चालवण्याजोगी होते, म्हणून कधीकधी थांबून जेवणं हाच वेगवान मार्ग.

प्रश्न : माझा मुलगा दोन-दोन दिवस एकटाच सायकल घेऊन रानात जातो. फोन लागत नाही. त्याने मला काय सांगून जावं आणि मी कधी घाबरावं?

उत्तर : ताई, घाबरण्याची वेळ त्यानेच ठरवून, लिहून द्यायला हवी, म्हणजे तुम्हाला रात्र जागून काढावी लागणार नाही. एका कागदावर इतकं हवं : जाण्याची वाट नकाशावर रेखून, पर्यायी वाट आणि ती तो कुठल्या जागेवरून धरेल, मुक्कामाची जागा, सायकलचा आणि कपड्यांचा रंग, जवळचं खाणंपाणी किती दिवसांचं, त्याची औषधं व रक्तगट, आणि दोन वेळा. पहिली वेळ परत फोन करण्याची. दुसरी, तिच्या चार-पाच तास नंतरची, मदत बोलावण्याची. पहिली टळली तर फक्त फोन करून पाहा. दुसरी टळली की मात्र विचार करत बसू नका, त्या भागातल्या पोलीस किंवा बचाव यंत्रणेला कळवा आणि हा कागद वाचून दाखवा. कुठला नंबर लावायचा तोही त्यानेच कागदावर लिहायचा. वाट बदलली तर रेंज असेल तिथून संदेश पाठवणं ही त्याची जबाबदारी. बोलणं होत नाही अशा क्षीण रेंजमध्येही साधा एसएमएस पुष्कळदा जातो.

त्याच्याजवळ काय असावं हेही सांगतो, कारण इथे एक चूक सर्रास होते. फोन, शिट्टी, लायटर, चंदेरी आपत्कालीन चादर आणि दाबून बांधायची पट्टी या पाच वस्तू सायकलवर नकोत, अंगावर हव्यात. उतारावर घसरलेला माणूस एकीकडे पडतो, सायकल चाळीस फूट खाली. शिट्टीची एक खूण डोंगरांत पुष्कळ ठिकाणी ओळखली जाते : मिनिटाला सहा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री हेच विजेरीने करायचं.

रेंजबाहेर नेहमी जाणाऱ्याने उपग्रहाचं साधन घ्यावं. ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेमार्फत बचाव केंद्राला ठिकाण कळवतो. त्याला मासिक वर्गणी नाही आणि सुरू केल्यावर निदान २४ तास चालतो, पण त्यावर बोलणं होत नाही आणि नोंदणी केलेली नसेल तर शोधकार्याला उशीर होतो. संदेश पाठवणाऱ्या उपकरणाला वर्गणी लागते, पण ‘पाय मोडलाय, बाकी ठीक आहे’ एवढं त्यावर सांगता येतं. काही देशांत अशी उपग्रह उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. जिथे जायचं तिथला नियम खरेदीच्या आधी पाहावा.

प्रश्न : ओढा ओलांडताना सायकल खांद्यावर घ्यावी की ढकलावी?

उत्तर : पाणी घोट्याएवढं आणि तळ दिसत असेल तर ढकला. पिंढरीएवढं असेल तर सामान सोडवून दोन खेपा करा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की ओलांडायचंच नाही, दगड गडगडल्याचा आवाज पाण्यातून येत असेल तर उथळ असलं तरी नाही. सर्वांत अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथेच पाणी खोल आणि जोराचं असतं. रुंद, पसरट जागा शोधा. सायकल स्वतःच्या खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह तिला तुमच्या पायांवर लोटतो, आणि जाड टायर तरंगत असल्यामुळे ती आडवी फिरते. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेला हवा. पाय सुटला तर सायकल सोडून द्या. बर्फाच्या वितळण्यावर वाहणारा ओढा पहाटे सर्वांत कमी असतो, दुपारनंतर चढतो. पलीकडे गेल्यावर ब्रेक दाबून सुकवा आणि चेनला तेल द्या. चाकाचा मध्यभाग पाण्यात बुडाला असेल तर घरी आल्यावर बेअरिंग उघडून ग्रीस बदला. ‘नंतर बघू’ म्हटलं की महिन्याभरात खरखर सुरू होते.

प्रश्न : अर्धी वाट ढकलतच गेलो. मित्र हसतात. याला सायकल चालवणं म्हणावं का?

उत्तर : हसू द्या. आडवाटांच्या सायकलस्वारांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये स्थापन झाली. तेव्हा सस्पेन्शन नव्हतं, जाड टायर नव्हते, आणि ढकलणं, उचलणं हा त्यांच्या प्रकाराचा भागच होता. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहिणारे डब्ल्यू. एम. रॉबिन्सन वेल्समधली बर्विन डोंगररांग बर्फातून सायकलसह ओलांडून गेले होते.

ढकलण्याचीही रीत असते. चेन नसलेल्या बाजूने, म्हणजे सायकलच्या डावीकडे चाला. जवळचं पेडल मागे आणि थोडं वर फिरवून ठेवा, नाहीतर नडगी सोलून निघते. चढ उभा असेल तर एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या मागे. पुढे लोटायचं, ब्रेक दाबायचा, दोन पावलं चालायचं, पुन्हा लोटायचं. ब्रेकला धरून स्वतःला वर ओढता येतं, हे एकदा जमलं की निम्मे कष्ट वाचतात. आडव्या उतारावर स्वतः दरीच्या बाजूला आणि सायकल डोंगराच्या बाजूला कधीच ठेवू नका, ती घसरली तर तुम्हाला घेऊन जाईल. अशा ठिकाणी चेनची बाजू सांभाळायचा नियम खुशाल मोडा.

बूट मऊ, खाचदार तळाचे घ्या. पेडलला अडकणारे क्लीट वापरत असाल तर ते तळव्यात खोल बसलेले हवेत, नाहीतर ओल्या खडकावर तुम्ही लोखंडावर चालत असता. ढकलण्याने क्लीटचे बोल्ट सैल होतात. एक जरी पडला तरी क्लीट पेडलमध्ये अडकून जागच्या जागी फिरतो आणि पाय सुटत नाही. रोज सकाळी ४ मिलिमीटरच्या ऍलन कीने ते आवळा आणि दोन जादा बोल्ट क्विक लिंकच्याच डबीत टाका.